डोळ्यांवर दोन हात

आमच्या घरात बॅडमिंटनचा सामना ज्या पद्धतीने पाहिला जातो, तसा जगात आणखी कुठे पाहत असतील असं मला वाटत नाही. खेळणाऱ्यांकडे आमचं कुणाचंच लक्ष नसतं. कोण जिंकलं, कोण हरलं असं मध्येच विचारलंत तर आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघू. आम्ही पडद्याच्या कडा बघतो. तिथे कोपऱ्यात, रेषेच्या अगदी समोर एका खुर्चीवर एक मुलगी गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसलेली असते. ती माझी धाकटी बहीण.

ती लाइन जज आहे. शटल रेषेच्या आत पडलं की बाहेर, एवढंच तिने सांगायचं. बाहेर पडलं तर दोन्ही हात आडवे पसरून मोठ्याने ‘आउट’ म्हणायचं. आत पडलं तर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, फक्त उजवा हात रेषेकडे करायचा. आणि दिसलंच नाही, मध्ये खेळाडू आला, तर दोन्ही हात स्वतःच्या डोळ्यांवर ठेवायचे. तिचं काम एवढ्या तीन खुणांचं. नातेवाईक विचारतात, ह्याला परीक्षा असते? असते. आणि ती पास होताना भल्याभल्यांना घाम फुटतो. पण मी आता समजावत बसत नाही. आधीच माझा स्वभाव तापट, त्यात सुरतेतल्या लिंबायतच्या मराठी शाळेत दिवसभर शिकवून, घसा फोडून घरी आलेली असते.

खुणांची बोली आमच्या घराला नवी नव्हती. नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, उभा जन्म लूमवर काढला. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. खात्यात एकदा मशिनी सुरू झाल्या की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जात नाही. म्हणून कामगार हातांनी बोलतात. बोट गोल फिरवलं की बॉबिन संपली. दोन मुठी जुळवून झटक्यात लांब केल्या की तार तुटली. तळहात आडवा धरला की मशीन बंद कर. कपाळाला, कुंकवाच्या जागी बोट लावलं की बायको किंवा आई, जी कुणी घरात असेल ती. नानांचे कान त्या आवाजात हळूहळू गेले. आम्ही बहिणी शाळेत जाऊ लागलो तोवर त्यांच्याशी बोलायचं म्हणजे समोर उभं राहून, ओठ स्पष्ट हलवून आणि हात वापरूनच. कानातलं यंत्र आणलं होतं. ते घातलं की भांडी डोक्यात आदळतात, असं म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं.

धाकटी आणि नाना तासन्‌तास हातांनी गप्पा मारायचे. माझे हात त्यात कच्चे. मला तोंडाने भांडायची सवय.

ती पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसली ती इथेच, सुरतेच्या इनडोअर स्टेडियममध्ये. कॉलेजात होती. कुठली तरी राज्याची स्पर्धा होती, माणसं कमी पडत होती, हिला बसवलं. कौतुकाने आम्ही आईला घेऊन गेलो. आईला सगळे मायच म्हणत. माय दिवसभर घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची. बोटांवरचा डिंक कितीही धुतला तरी जायचा नाही. त्या दिवशीही ती पदरात हात लपवून वर पायऱ्यांवर बसली. खाली पोरंपोरी उड्या मारत खेळत होती आणि आपली मुलगी कोपऱ्यात खुर्चीवर गप्प बसलेली. थोडा वेळ तिने धीर धरला. मग माझ्याकडे वळली.

“तिले काबरं बसाडी ठेयेल शे?”

पोरीला शिक्षा म्हणून बसवून ठेवलंय, असंच तिला वाटलं होतं. मी हसत सुटले. समजावलं तरी तिचं समाधान झालं नाही. सामना संपल्यावर ती खाली गेली आणि तिथल्या एका अधिकाऱ्याला तिच्या मोडक्या गुजरातीत विचारून आली, की माझ्या पोरीलाही थोडं खेळू देणार की नाही. धाकटीची ही थट्टा पंचमंडळींत वर्षानुवर्षं चालली. दर स्पर्धेत कुणी तरी तिला म्हणायचंच, “तुला आज तरी खेळू देणार का गं?”

पुढे ती डिंडोलीजवळच्या एका खासगी शाळेत खेळाची शिक्षिका झाली आणि सुट्टी मिळेल तशी स्पर्धांना जाऊ लागली. बडोदा, पुणे, हैदराबाद. आणि मग मलेशिया. क्वालालंपूरला मोठी स्पर्धा होती आणि बाहेरच्या देशांतूनही थोडे लाइन जज बोलावले होते, त्यांत आमची बाई. पासपोर्ट हातात आला तेव्हा मायने त्याला हळदकुंकू लावलं. मी ओरडले, तेव्हा ओल्या फडक्याने पुसायला लागली.

तिकडून ती रोज व्हिडिओ कॉल करायची. स्टेडियम दाखवायची. छप्पर एवढं उंच, की फोन वर धरला तरी त्याचा शेवट दिसायचा नाही. खाली हिरव्या चटया, चारी बाजूंनी चढत गेलेल्या खुर्च्या, त्यांत हातात फुगवलेल्या काठ्या घेऊन त्या आपटणारी माणसं. तिकडे ह्या खेळाचं वेड इतकं, की टॅक्सीवाला, भाजीवाली, सगळे खेळाडूंना नावानिशी ओळखतात, असं ती सांगायची. एका पॉइंटला जो गलका होतो त्यात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही म्हणायची. “आउट ओरडते मी, पण कुणाला कळतंय! हातच बघतात सगळे.” तिच्याबरोबरच्या लाइन जजमध्ये तिथल्या निवृत्त शिक्षिका होत्या, घर सांभाळून येणाऱ्या बायका होत्या. त्या हिच्यासाठी केळीच्या पानात बांधलेला भात आणायच्या आणि त्यातली सुकी मासळी आधी काढून ठेवायच्या.

मायला एकच काळजी. “खिडक्या नहीत का तठे?”

“नाहीत गं. असतील तरी बंदच ठेवतात. वारा आला की शटल भरकटतं.”

मी हे नानांना हातांनी कसंबसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. “तार बी हालस,” म्हणाले. खात्यातही ते खिडक्या लावूनच घ्यायचे. आयुष्यभर ज्याला आत गेल्यावर दिवस की रात्र कळलं नाही, त्या माणसाला पोरीची जागा एका शब्दात समजली. पडद्यावर ती फोन फिरवून ते मोठं झगझगीत छप्पर दाखवत होती आणि नाना बोटाने दिवे दाखवून मायला काही सांगत होते.

स्पर्धा संपत आली तशी एका संध्याकाळी तिचा फोन आला. “ताई, फायनलला मला घेतलंय!” सगळ्यांतून निवडून थोडे घेतात, त्यात ही. मायला पूर्ण कळलं नाही, पण पोरीचा चेहरा कळला. तिने नानांकडे वळून दोन्ही हात आडवे पसरले, ‘आउट’सारखे. पोरीच्या खेळातली तिला येणारी ती एकच खूण. नाना हसले. मीही हसले. रविवारी सगळ्यांनी मिळून बघायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी पहाटे, मायच्या छातीत कळ आली. रिक्षात घातलं. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मला त्या सकाळचं फार लिहायचं नाही. नंदुरबारहून मामा आले. दुपारी तापीकाठी नेऊन आलो. अंगण पाहुण्यांनी भरलं. आणि ह्या सगळ्यात मी एक गोष्ट ठरवून टाकली, की धाकटीला हे आज सांगायचं नाही.

माझा हिशेब सरळ होता. आग देताना ती पोचणार नव्हतीच. तिचं परतीचं विमान रविवारी रात्रीचं, तेही आयोजकांनी काढलेलं. परक्या देशात, हॉटेलच्या खोलीत ती एकटी रडत बसणार, आणि ज्या खुर्चीसाठी तिने इतकी वर्षं घालवली ती रिकामी राहणार किंवा तिच्यावर दुसरी कुणी बसणार. कुणासाठी? माय तर गेली होती. मी ठरवलं, फायनल होऊ दे, पोरगी विमानात बसू दे, विमानातून उतरून गाडीने सुरतेला आली की मी स्वतः स्टेशनवर घ्यायला जाईन आणि तिथे सांगेन. आजही कुणी विचारलं तर मी म्हणेन, माझं बरोबर होतं.

नानांना ते मान्य नव्हतं. मी ओठ स्पष्ट हलवून त्यांना समजावत होते आणि ते मान हलवत होते. मग म्हणाले, “खाताम्हा कोनी दपाडं नही.”

खात्यात कुणी लपवलं नाही. ते कशाबद्दल बोलत होते ते मला ठाऊक होतं. लहानपणी डबा घेऊन जायचे तेव्हा एकदा मी ते पाहिलं होतं. गावाकडून कुणाच्या मरणाची बातमी आली की मुकादम लूमच्या रांगेच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा. ओरडून उपयोग नाही, आणि हात धरून बाहेर न्यावं तर माणसाला वाटणार कामावरून काढलं. म्हणून तो दोन्ही हात स्वतःच्या डोळ्यांवर ठेवायचा आणि मग ज्याच्या घरची बातमी असेल त्याच्याकडे बोट करायचा. त्याने मशीन बंद केली की शेजारचा आपली बंद करायचा, मग त्याच्या पलीकडचा. अख्खी रांग थांबायची. शेठची माणसं चिडायची, पण ती रीत मोडली नाही. कापड अर्ध्यावर असो, बोनस तोंडावर असो, बातमी आली की त्याच घडीला द्यायची.

“ते खातं होतं नाना,” मी म्हटलं. “ती परदेशात आहे.”

“ती तिनी बी माय व्हती,” ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला तो मी एकटीने गच्चीवर घेतला. माय झोपली आहे म्हटलं. नानांना दे म्हणाली. नानाही झोपले म्हटलं. नानांना मी फोनसमोर येऊच देणार नव्हते. ते तोंडाने एक वेळ खोटं बोलतील, पण हातांनी त्यांना खोटं बोलता येत नाही आणि धाकटी त्यांचेच हात वाचते. “सगळे इतक्या लवकर झोपले?” ती म्हणाली. मग तिला कुणी तरी हाक मारली म्हणून तिने फोन ठेवला. मी टाकीला टेकून रडून घेतलं आणि तोंड धुऊन खाली आले.

रविवारी सकाळ उलटून गेली तशी पाहुण्यांना जेवायला वाढायची गडबड सुरू झाली. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे फायनलची वेळ झालेली. मी मुद्दामच फोन दूर ठेवला होता. नाना उठून माझ्यासमोर आले आणि त्यांनी हात पुढे केला.

“दखाड.”

मी फोन काढला, सामना लावला आणि तांब्याला टेकवून त्यांच्यासमोर ठेवला. मायच्या जागेवर दिवा तेवत होता, त्याच्या शेजारीच. मामांनी ते पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला.

“घरमा माय गयी नि हाई काय लायेल शे?”

अंगणातल्या बायकाही आत डोकावू लागल्या. एरवी मीही मामांच्याच बाजूने बोलले असते. पण त्या क्षणी मला सगळ्यांचा असा संताप आला की मी म्हटलं, “मामा, सगळ्यांनी मिळून धाकटीला बघायचं ठरलं होतं. माय आज असती तर इथेच बसली असती. तुम्हाला नसेल बघायचं तर बाहेर बसा.” मामा बाहेर गेले नाहीत. जरा वेळाने तेही सरकून पडद्याजवळ आले.

“कोनती?” त्यांनी विचारलं.

नानांनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बोट ठेवलं.

धाकटी ताठ बसली होती. निळा कोट, केस घट्ट मागे बांधलेले. हजारो माणसं काठ्या आपटत होती. तिचे हात दोनदा आडवे पसरले, एकदा रेषेकडे गेले. प्रत्येक वेळी नाना मान हलवायचे, जणू तिने त्यांनाच काही सांगितलं. मायची साडी अजून दोरीवर वाळत होती. मी तिच्याकडे न बघता पडद्याकडे बघत होते.

तिसरा गेम चालू होता. एक खेळाडू मागे धावताना घसरला आणि धाकटीच्या समोरच पडला. शटल त्याच्या पलीकडे कुठे तरी पडलं. पंच तिच्याकडे वळला. कॅमेराही वळला आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा पडदाभर आला. तिने दोन्ही हात उचलले आणि डोळ्यांवर ठेवले.

नाना ताडकन उभे राहिले.

“तिले कयनं,” ते म्हणाले. “तिले कयनं!”

तिला कळलं, असं ते म्हणत होते. मी त्यांचा दंड धरला, खाली बसवलं, त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन सांगितलं की नाही नाना, तिकडे त्या खुणेचा अर्थ तो नाही. दिसलं नाही, एवढाच अर्थ. मध्ये माणूस आला, म्हणून दिसलं नाही. त्यांनी माझे ओठ नीट वाचले. मग पडद्याकडे पाहिलं. धाकटीने हात खाली घेतले होते आणि पुन्हा गुडघ्यांवर ठेवून ती रेषेकडे बघत होती. खेळ पुढे सुरू झालेला.

“म्हंजे तिले माहीत नही,” नाना म्हणाले.

“नाही.”

त्यांचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा दहनाच्या वेळीही झाला नव्हता. मायची बातमी पोरीपर्यंत पोचली आणि आपल्यावरचं ओझं उतरलं, असं त्या दोन क्षणांत त्यांना वाटून गेलं होतं. मी ते परत त्यांच्या डोक्यावर ठेवलं. त्यानंतर त्यांनी सामना पाहिला नाही. कोण जिंकलं ते मला आजही आठवत नाही.

थोड्या वेळाने फोन वाजू लागला. तीच. मी फोन घेऊन गच्चीवर पळाले. काय बोलायचं ते मी घोकून ठेवलं होतं, की मायला बरं नाही, दवाखान्यात ठेवलंय, काळजीचं काही नाही, तू ये. म्हणजे मन थोडं तयार होईल.

“ताई, जोयुं ने? दिसले ना मी? फुल स्क्रीन आले म्हणे!” तिचा गळा बसला होता. ती स्टेडियमच्या आतल्या कुठल्याशा खोलीत होती. मागे निळ्या कोटातल्या बायका, पुरुष, जेवणाची पाकिटं, कुणी फोटो काढतंय, कुणी हसतंय, सगळ्यांचा एकच कलकलाट. “मायला दे. मायला सांग, आज मला खेळू दिलं. मधोमध खेळू दिलं, सांग.”

घोकलेलं बोलायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. नाना वर आले होते. मी फोन मागे घेतला नाही. घ्यायला हवा होता की नको, ह्यावर आमच्या घरात आजही दोन मतं आहेत. ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, तिच्या समोर.

“नाना!” ती ओरडली आणि हातांनी काही विचारू लागली. जेवलात का, असं बहुधा.

नानांनी दोन्ही हात उचलले आणि डोळ्यांवर ठेवले. मग एक हात काढला आणि बोट तिच्याकडे केलं.

ती हसत होती. आपल्याच दुपारच्या खुणेची नक्कल करताहेत असं तिला वाटलं असणार. मग त्या बोटाकडे पाहून तिचं हसू थांबलं. ती लूमवाल्याची मुलगी, तिला ती दुसरी खूण लहानपणापासून माहीत होती. तिचा हात वर आला, तळवा उघडा. कोण?

नानांनी कपाळाला, कुंकवाच्या जागी बोट लावलं.

ती ओरडली नाही. फोन तिच्या हातात तसाच राहिला, आमच्याकडे रोखलेला. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्कर बाईने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसता हसता थांबली. तिने काही न बोलता हिच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या पलीकडचा माणूस वळला आणि बोलायचा थांबला. मग त्याच्या मागची. मग पाकीट उघडणारी. फोटो काढणाऱ्याने हात खाली घेतला. त्या खोलीतल्या कुणालाही आमची भाषा येत नव्हती, काय झालं ते कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. पण बायकांपासून पुरुषांपर्यंत, जवळच्यांपासून दारातल्यांपर्यंत, एकामागून एक सगळे गप्प होत गेले. शेवटी त्या फोनमधून एसीच्या घरघरीखेरीज काही ऐकू येईना.

नानांना त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. ते डोळे बारीक करून एकेकाचे ओठ बघत होते. शेवटचा माणूस थांबेपर्यंत त्यांनी पाहिलं. मग त्यांनी माझ्या दंडाला धरलं.

“समद्या मशिनी बंद व्हयन्यात,” ते म्हणाले, आणि शनिवारपासून पहिल्यांदा रडायला लागले.